घरगुती सीएनसी, भाग ४: ५० मिमीचं वर्तुळ

मागच्या नोंदीत मी ऐटीत लिहून टाकलं होतं, की पुढच्या वेळी थेट सागवानावर नाव कोरून दाखवतो. त्याला साडेतीन महिने झाले. कोरणं लांबच, पेनाने ५० मिमीचं एक साधं वर्तुळ नीट काढायलाच एवढा वेळ गेला.

पहिले भाग ज्यांनी वाचले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात: कोल्हापुरात गच्चीवरच्या खोलीत ६०० बाय ४०० मिमीचा राउटर, म्हणजे संगणकाच्या हुकमावर लाकूड कोरणारं सीएनसी मशीन बांधतोय. आर्डुइनो उनो या छोट्या बोर्डवर जीआरबीएल १.१ (मशीन चालवणारं सॉफ्टवेअर), नेमा २३ च्या चार मोटरी (ठरावीक छोट्या पावलांनी, म्हणजे स्टेप्सनी, फिरणाऱ्या; डाव्या-उजव्या एक्स अक्षाला एक, पुढच्या-मागच्या वायला दोन, वर-खाली झेडला एक), त्यांना चालवणारे टीबी६६०० ड्रायव्हर, २४ व्होल्टचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय), टी८ लीड स्क्रू (फिरला की नट आणि त्याला जोडलेली गाडी सरकवणारा आट्यांचा रॉड), आणि कटर फिरवणाऱ्या स्पिंडलच्या जागी सुतार वापरतात तो ट्रिमर. खर्च आजवर २५,००० च्या आसपास. त्यातले निदान ४,००० दोनदा केलेल्या कामाचे.

ते दोनदा केलेलं काम म्हणजे दांड्या. गॅन्ट्रीला (पुढे-मागे सरकणारा आडवा पूल) मी १२ मिमीच्या दोन गुळगुळीत दांड्या लावल्या होत्या, फक्त टोकांना आधार, मध्ये ७०० मिमी मोकळं. हाताला लोखंड घट्ट लागतं, त्यामुळे ते वाकेल असं मनातही येत नाही. झेड अक्ष आणि ट्रिमर मिळून ४ किलो, म्हणजे दर दांडीवर साधारण २० न्यूटन. कागदावर गणित मांडलं तर मधोमध ०.७ मिमी झोळ निघाला. तोही मशीन नुसती उभी असताना. कटर लाकडात शिरल्यावरचा जोर वेगळाच. दांडी १६ मिमीची घेतली तर झोळ ०.२२ वर येतो, कारण वाकणं व्यासाच्या चौथ्या घातानं कमी होतं. लांबी मात्र घनानं नडते. हे गणित दांड्या विकत घेण्याआधी करायचं असतं. मी नंतर केलं.

शेवटी दांड्या काढून खालून सलग आधार असलेले एसबीआर १६ रेल घेतले, आणि गॅन्ट्रीला प्लायऐवजी ५० बाय ५० चा बॉक्स पाइप. वेल्डिंगने पाइप थोडा ओढला गेला. रेल बसणारी बाजू उद्यमनगरात (इथली वर्कशॉपांची वस्ती) मिलिंगवर एक हलका कट मारून सरळ करून घेतली. काटकसर ड्रायव्हरमध्ये करा, केबलमध्ये करा, सांगाड्यात करू नका, इतकंच म्हणेन.

आता वर्तुळ. कटर लावायच्या आधी झेडला बॉलपेन बांधून वर्तुळ काढायचं, ही सवय मी आता कधी सोडणार नाही. कागद स्वस्त असतो आणि खोटं बोलत नाही. वर्तुळ अक्षाच्या दिशेने लंबगोल आलं, म्हणजे रुंदी ५१ आणि उंची ५० असं काही, तर एका अक्षाच्या स्टेप्स चुकल्यात. लंबगोल तिरका, ४५ अंशांत ओढल्यासारखा आला तर एक्स आणि वाय गुण्यात (काटकोनात) नाहीत. आणि वर्तुळ बाकी ठीक पण घड्याळातल्या ३ आणि ९ वर चपटं, जणू कानशीने घासलंय, तर एक्समध्ये प्ले (ढिलेपणा) आहे. १२ आणि ६ वर चपटं असेल तर वायमध्ये. कारण सोपं: त्या जागी त्या अक्षाची दिशा उलटते, मोटर फिरते पण प्ले संपेपर्यंत गाडी जागची हलत नाही, आणि दुसरा अक्ष बिचारा एकटाच पुढे चालत राहतो.

माझ्या वर्तुळात या तिन्ही रोगांची लक्षणं एकदम दिसत होती. आणि मी औषध चुकीच्या टोकाकडून सुरू केलं.

टी८ स्क्रूची लीड ८ मिमी, म्हणजे एका फेरीत गाडी ८ मिमी सरकते. मोटरचे फेरीला २०० स्टेप, ड्रायव्हर एकाला आठवर (एका स्टेपचे आठ भाग, म्हणजे मायक्रोस्टेप), म्हणजे १६०० भागिले ८, मिमीला बरोबर २००. मी गाडी डावीकडे नेली, मग १०० मिमी उजवीकडे पाठवली, व्हर्नियर लावला: ९९.६. लगेच $१०० मध्ये (जीआरबीएलची एक्सच्या स्टेप्सची सेटिंग) २००.८ भरलं आणि १०० ला १०० आले म्हणून खूश झालो. दुसऱ्या दिवशी ३०० मिमी चालवून बघितलं तर ३००.८! दोन रात्री डोकं खाजवत होतो. प्लेमध्ये जाणारं अंतर ठरावीक असतं, ०.४ म्हणजे ०.४, तुम्ही १० मिमी चाला की ३००. स्टेप्सची चूक मात्र अंतराबरोबर वाढत जाते. मी ठरावीक तोटा टक्केवारीने भरून काढत होतो. मोजताना गाडी दोन्ही खुणांवर एकाच बाजूने आणली की प्ले मोजमापात येतच नाही. तसं मोजलं तर २०० च बरोबर होते. आकडा परत जागेवर ठेवला.

(त्याच सुमारास अचूकता वाढेल म्हणून ड्रायव्हर एकाला बत्तीसवर नेऊन पाहिला. मिमीला ८०० स्टेप, २००० मिमी प्रति मिनिट वेगाला सेकंदाला साधारण २६,७०० पल्स. उनोवर जीआरबीएलची मर्यादा ३०,००० च्या घरात आहे, म्हणजे उगाच कडेलोटावर उभं राहायचं. शिवाय मायक्रोस्टेपच्या मधल्या जागी मोटरची पकड इतकी कमी असते, की ती जादा अचूकता कागदावरच राहते. परत आठवर आलो.)

मग प्ले. प्ले म्हटलं की सगळे नटाकडे बोट दाखवतात, मीही दाखवलं. साधा पितळी नट काढला, स्प्रिंगवाला दोन तुकड्यांचा लावला. ०.४ चे ०.३५ झाले. स्प्रिंग आणखी दाबली तर मोटर कण्हायला लागली आणि स्टेप सोडू लागली. दुसऱ्या दुकानातून तिसरा नट आणला. तेच.

शेवटी गाडी, स्क्रू, मोटर सगळं एका फळीवर तसंच बांधून उद्यमनगरात ज्यांच्याकडे लेथचं काम करून घेतो त्या मामांकडे नेलं. त्यांनी मशीनकडे पाहिलंसुद्धा नाही. डायल गेजची (मिमीचे शतांश मोजणारं घड्याळ) सुई गाडीऐवजी स्क्रूच्या टोकाला टेकवली आणि मला म्हणाले, "गाडी ढकल." मी ढकलली. सुई ३० घरं हलली.

"अरं, नट कशाला बदलत बसलाईस? तुझा स्क्रूच पुढं-मागं पळतोय की!"

माझा स्क्रू लांबीच्या दिशेने कशालाच अडकवलेला नव्हता. दोन्ही टोकांच्या ब्लॉक बेअरिंगचे ग्रब स्क्रू गुळगुळीत स्क्रूवर घसरत होते, आणि सगळा ताण मोटरच्या अ‍ॅल्युमिनियम कपलिंगवर येत होता. ते कपलिंग म्हणजे नागमोडी कापलेली नळी. फिरवताना मस्त, पण ओढलं की स्प्रिंगच. मामांनी एमएसच्या (साध्या पोलादाच्या) दोन कॉलर, म्हणजे स्क्रूवर घट्ट बसणाऱ्या कड्या, टर्न करून दिल्या, मी ८ मिमीची दोन थ्रस्ट बेअरिंग (लांबीच्या दिशेचा जोर झेलणारी) आणली, मोटरकडच्या ब्लॉकच्या दोन्ही बाजूंना बेअरिंग, त्यावर कॉलर, हाताने दाबून घट्ट. दुसरं टोक मुद्दाम मोकळं ठेवलं, स्क्रू तापून लांब झाला तर जागा हवी. आता डायलवर ०.०८ येतात, तेही जुन्याच साध्या नटावर. मजुरी त्यांनी १५० घेतली आणि चहा त्यांनीच पाजला.

गुण्याचं काम त्यामानाने लवकर झालं. ३०० चा चौकोन काढून कर्ण मोजले: ४२५.१ आणि ४२३.४. बरोबर असते तर दोन्ही ४२४.२६ यायला हवे होते. हिशेब केला तर ३०० मिमीत साधारण १.२ मिमी तिरकं. वायच्या दोन मोटरी एकाच सिग्नलवर चालतात, त्यामुळे बंद मशीनमध्ये एक बाजू हलली तर ती तशीच वाकडी लॉक होते. मागच्या बाजूला दोन बोल्ट अडसर म्हणून लावले, कर्ण जुळेपर्यंत एक बोल्ट थोडा थोडा फिरवला. आता मशीन चालू करण्याआधी गॅन्ट्री दोन्ही बोल्टांना टेकवायची, मग पॉवर. $१ ला २५५ ठेवलंय, म्हणजे मधे थांबली तरी मोटरी पकड सोडत नाहीत.

ट्रिमर सुरू केला की लिमिट स्विच (अक्षाच्या टोकाला गाडी थांबवणारे) कोणी न दाबता अलार्म १ येत होता. स्विच एनसी (एरवी सर्किट जोडलेलं, दाबलं की तुटणारं) जोडले, ते जीआरबीएलला कळावं म्हणून $५ ला १ केलं, शील्डेड वायर टाकून शील्ड एकाच टोकाला अर्थ केली, कंट्रोलरच्या पिनांवर ०.१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर. गेला. कुठल्या उपायाने गेला ते विचारू नका, चारही एकाच दुपारी केले.

आणि मग, वर्तुळ गोल आल्यावर, देवनागरी.

इंग्रजी अक्षरं कोरणाऱ्यांना हा त्रास नाही. पहिलं नाव एमडीएफवर (लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड) कोरलं तर शिरोरेषेत दर अक्षराच्या सांध्यावर एक उभी चीर. फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षर स्वतःची शिरोरेषा घेऊन येतं, आणि शेजारच्या अक्षरावर ती किंचित चढते. पडद्यावर काळ्यावर काळं, दिसत नाही. मशीन मात्र प्रत्येक अक्षराची बाहेरची कड इमानाने कोरतं, त्यात शेजाऱ्याच्या पोटात शिरलेली कडही आली. मात्रा-वेलांट्यांचंही तेच. इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर आधी पाथ (नुसत्या कडा) करायचा, सुटा करायचा, मग सगळ्यांचं युनियन, म्हणजे एकच आकृती. त्यानंतर शिरोरेषा एकसंध येते.

दुसरी अडचण खोलीची. ६० अंशांचा व्ही-बिट (टोकदार कटर) १.५ मिमी खोल गेला तर रेघ १.७३ मिमी रुंद. माझ्या टेबलात एका कोपऱ्यात ०.३ मिमीचा उतार होता, म्हणजे नावाच्या सुरुवातीला आणि शेवटी रेघेच्या जाडीत ०.३५ चा फरक. 'कुलकर्णी' लिहिताना 'कु' ठळक आणि 'र्णी' उपाशी. टेबलावर १२ मिमी एमडीएफ ठोकून मशीनकडूनच तो सगळा सपाट करून घेतला. धूळ इतकी उडाली की खालच्या मजल्यावर आईच्या पापडांपर्यंत पोचली. तेव्हापासून व्हॅक्यूमचा पाइप आणि तोंडाला मास्क असल्याशिवाय एमडीएफला हात लावत नाही.

एमडीएफवर तीन पाट्या ठीक आल्यात. सागवानाचा तुकडा अजून तसाच आहे. गावाकडच्या जुन्या घराच्या चौकटीतला आहे, असा एकच आहे, आणि वायला अजून ०.२ प्ले आहे. १२ आणि ६ वर बघणाऱ्याला दिसतो. दोन्ही स्क्रूंना मिळून आणखी चार कॉलर लागतील. मामांना सांगून आलोय, पण गुऱ्हाळांचा हंगाम तोंडावर आहे, दुकानात चरकाच्या लाटांची (ऊस पिळणाऱ्या रोलरची) रांग लागलीय. माझ्या कॉलर त्यांनी खडूने भिंतीवर लिहून ठेवल्यात, सगळ्यात खाली.