पिकअपमागचा टॉय हॉलर

आज सॅन डिएगोहून इंटरस्टेट 8 महामार्गाने कॅलिफोर्नियातल्याच इम्पिरियलच्या वाळूच्या टेकड्यांपर्यंत मित्राच्या पिकअपमागे टॉय हॉलर, म्हणजे राहायची सोय आणि गाड्यांसाठी गॅरेज असलेला ट्रेलर, ओढत नेला. या ट्रेलरचे गॅरेज मागच्या टोकाला असल्यामुळे वाळूत पळवायच्या गाड्या आत चढवल्या की हिचवरचा, म्हणजे पिकअपला ट्रेलर जोडणाऱ्या सांध्यावरचा, भार घटतो. तो ट्रेलरच्या एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्क्यांदरम्यान असावा; त्याहून कमी झाला, तर शेजारून मोठा ट्रक गेला तरी ट्रेलर झोकांड्या खाऊ लागतो. म्हणून जड सामान आम्ही पुढे हलवले होते. डोंगरातून वाळवंटात उतरणाऱ्या लांबलचक घाटात खालचा गिअर आणि अधूनमधून ब्रेक, एवढेच धोरण ठेवले. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढताना वेगमर्यादा ताशी 55 मैलच आहे; मागच्यांनी खुशाल चरफडावे. परतताना सांडपाण्याच्या टाक्या भरलेल्या असतील, तेव्हा हा हिशेब नव्याने मांडावा लागेल.