"मी नाही पाडला!"

काचेचा ग्लास माझ्याच हातून निसटला. खळ्ळकन फुटला. आणि बाजूला उभा असलेला मित्र पटकन म्हणाला, "मी नाही पाडला!"

वय 43. दोन मुलांचा बाप.

लगेच ओशाळून हसला. पण मी त्याचा उजवा हात पाहिला होता. कोपरात दुमडून कानापर्यंत गेलेला. कानशिलात बसणार हे ठाऊक असलेल्या पोराचा जातो तसा.

त्याचे वडील जाऊन बारा वर्षं झाली. त्या हाताला अजून कुणी कळवलेलं दिसत नाही.

1998 साली फेलिटी, आंडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत 9,508 प्रौढांचं लहानपण तपासलं. मारहाण, घरातलं व्यसन, आईला होणारी मारझोड असे 7 प्रकार. ज्यांनी चार किंवा जास्त भोगले, त्यांना नैराश्य, दारू, आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका एकही न भोगलेल्यांच्या 4 ते 12 पट. (सगळ्यांचं तसंच होतं असं नाही. हा तर आमच्यातला सगळ्यात हसरा. निदान मला तरी तसंच वाटायचं.)

मी काचा वेचेपर्यंत तो तीनदा 'सॉरी' म्हणाला.

अरे, पण ग्लास माझ्या हातून फुटला होता ना?