आमची वाटचाल: ओला कचरा आवारातच जिरवताना

2009 साली मी आणि माझ्या पत्नीने पुण्यात गांडूळखत विकायला सुरुवात केली, तेव्हा या व्यवसायात कायद्याची पुस्तके उघडावी लागतील असे आम्हांला वाटले नव्हते. रोपवाटिका आणि गच्चीवर बाग करणारी काही घरे एवढेच आमचे ग्राहक होते. घनकचऱ्याचे 2000 सालचे नियम त्या वेळी लागू होते. पर्यावरण कार्यकर्त्या अल्मित्रा पटेल यांनी 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयात केलेल्या जनहित याचिकेमुळे ते आले होते आणि कचऱ्यावर प्रक्रिया करणारी केंद्रे 31 डिसेंबर 2003 पर्यंत उभारावीत, असे त्यांत नगरपालिकांना बजावले होते. ती मुदत केव्हाच उलटून गेली होती. त्या नियमांचा मुख्य भार नगरपालिकांवर असल्यामुळे, डबा दाराबाहेर ठेवला की आपले काम संपले अशी नागरिकांची समजूत होती आणि शहराच्या कचऱ्याचे ओझे डेपोजवळच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या माथी पडत होते. तिथल्या गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या की सोसायट्यांचे आम्हांला फोन येत आणि गाड्या सुरू झाल्या की थांबत. हे मनाला फार लागत असे.

8 एप्रिल 2016 रोजी नवे नियम आले आणि आमच्या व्यवसायाचे स्वरूपच पालटले. कचरा ज्याने केला त्याने तो ओला, सुका आणि घरगुती घातक असा वेगळा करून द्यायचा, हे आता नागरिकाचे कर्तव्य ठरले. पाच हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या बंदिस्त वसाहतींनी शक्य तितका ओला कचरा आवारातच जिरवावा, असेही त्यांत होते. शिवाय, दिवसाला सरासरी 100 किलोंहून अधिक कचरा करणाऱ्यांची वेगळी वर्गवारी केली गेली. घरटी अर्धा किलो ओला कचरा धरला, तरी तीनशे सदनिकांची सोसायटी त्यात सहज बसत असे.

मागणी एकदम वाढली आणि त्या घाईत आमच्या हातून एक चूक झाली. 24 तासांत खत देणारे यंत्र आम्ही एका मोठ्या सोसायटीला बसवून दिले. यंत्रातून बाहेर पडणारा तपकिरी भुगा दिसायला सुरेख होता, पण तो खत नव्हता, उष्णतेने वाळवलेले अन्न होते. बागेत टाकून पाणी घालताच तो पुन्हा आंबू लागला आणि दुर्गंधी थेट पहिल्या मजल्यापर्यंत पोहोचली. सेक्रेटरींनी आम्हांला सर्वसाधारण सभेत बोलावले. माझी पत्नी सभासदांसमोर उभी राहिली, चूक मान्य केली आणि यंत्र परत नेण्याचे वचन दिले. त्या एका वर्षाचा नफा त्यातच गेला, तरीही तो निर्णय योग्यच होता असे मी आजही मानतो.

त्यानंतर आम्ही साध्या जाळीच्या पिंपांकडे वळलो. ओल्या कचऱ्यात पाणी फार असते, म्हणून प्रत्येक थरावर वाळलेली पाने किंवा लाकडाचा भुसा टाकावा लागतो. ढीग नीट तापला, म्हणजे 55 अंशांच्या वर गेला, की रोगजंतू आणि तणाचे बी मरते. पुढे तो थंड होऊन मुरायला आठवडे लागतात, आणि ही वाट पाहण्याची तयारी नसलेल्या सोसायटीचे काम आम्ही घेत नाही. खत विकायचे असल्यास 1985 च्या खत नियंत्रण आदेशाचे निकष पाळावे लागतात. कर्ब-नत्र गुणोत्तर, म्हणजे खतातील कार्बनचे नायट्रोजनशी प्रमाण, 20 च्या आत आल्याचा प्रयोगशाळेचा अहवाल हाती आल्याशिवाय आमचे पोते बाहेर पडत नाही.

2016 च्या नियमांतील मला सर्वांत मोलाची वाटणारी तरतूद मात्र यंत्राची नव्हे, कचरावेचकांची होती. कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घ्यावे, असे त्यांत स्पष्ट म्हटले होते. आमच्याकडे पिंपे सांभाळणाऱ्या दोघी ताई पूर्वी डेपोवर कचरा वेचत असत. ढिगात हात घालून ओल किती आहे हे त्या जितके अचूक सांगतात, तितके मला अजूनही जमत नाही. त्यामुळे नव्या सोसायटीत पहिले पंधरा दिवस, करारावर सही होण्यापूर्वी, त्याच दारोदार जाऊन डबे तपासतात आणि काम घ्यायचे की नाही, हे त्यांच्या सांगण्यावरूनच ठरते.