व्हेल्ड आणि पँथर शॅमेलिऑनची (रंग बदलणाऱ्या सरड्यांची) पिल्लं: नर-मादी नोंदी, नाशिक

नोंदीवर तीन पिल्लं: व्हेल्डची अ आणि ब, पँथरचं क. तिन्ही परदेशी जातींची, तेव्हा २०२४च्या नियमांनुसार केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवरची नोंदणी आधी, बाकी सगळं नंतर. आपल्या रानातला घोयरा सरडा यात धरू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली तो संरक्षित आहे, घरात ठेवायचाच नाही.

व्हेल्ड, अ आणि ब

पाहायचा तो मागचा पाय. त्याची बोटं दोन गठ्ठ्यांत असतात, बाहेर तीन, आत दोन. हे गठ्ठे जिथे पायाला जुळतात, तिथे मागच्या अंगाला टाच. व्हेल्डच्या नराला अंड्यातून बाहेर आल्यापासूनच या टाचेवर छोटा मांसल कोंब असतो, मादीला नसतो. अ-च्या दोन्ही टाचांवर कोंब स्पष्ट, म्हणजे नर. ब-ची टाच गोल आणि गुळगुळीत, म्हणजे मादी.

घोटाळा होतो तो पाहण्याच्या पद्धतीत. फांदी घट्ट पकडलेली असली की टाचेची कातडी दुमडते आणि मादीलाही कोंब असल्याचा भास होतो. पिल्लाला उभ्या काडीवर चढू द्या, मोबाइलने मागून व्हिडिओ काढा आणि पाय उचलला जातो ती फ्रेम थांबवून बघा. फ्लॅश नको, बाजूने टॉर्चचा मंद उजेड पुरतो. मुठीत धरून पाय ताणणं तर बिलकूल नको. ब-च्या डाव्या टाचेला पांढुरकी कपची दिसली होती, ती नुसती अडकलेली कात निघाली. पिंजऱ्यातली पाण्याची फवारणी वाढवल्यावर आपोआप गळली. नखाने ओढली असती तर जखम.

डोक्यावरच्या तुऱ्यावरून या वयात काही ठरवू नका. नराचा तुरा उंच होतो हे खरं, पण ते पुढे. रंगाचंही तेच. एकत्र ठेवलेल्या पिल्लांत दबलेला नर मादीसारखाच मळकट राहतो, म्हणून अ आणि ब वेगळ्या पिंजऱ्यांत, मध्ये आडपडदा.

पँथर, क

पँथरला टाचेचा कोंब नसतोच. कोंब नाही म्हणून मादी ठरवून विकलेले पँथर पुढे नर निघतात, ते यामुळे. इथे शेपटीचं बूड बघायचं: नराचं व्हेंटच्या (शेपटीखालच्या मलमूत्राच्या छिद्राच्या) लगेच मागे फुगीर असतं, मादीची शेपटी तिथून सरळ निमुळती होत जाते. तीन-चार महिन्यांआधी हा फरक भरवशाचा नसतो. क अजून लहान आहे, शेरा: अनिश्चित. व्हेंटमध्ये सळई घालून तपासणं सापांत चालतं, इथे नाही.

ब मादी, मग काय बदललं

मादी नराशिवायही अंडी घालते, व्हेल्डमध्ये कधी कधी चार-सहा महिन्यांतच. खणायला जागा नसेल तर ती अंडी धरून ठेवते, आणि तिथेच मादी दगावते. म्हणून टब आत्ताच ठेवला आहे: धुतलेली बारीक वाळू, थोडं कोकोपीट (द्राक्षाच्या नर्सरीत सहज मिळतं), खोली ३० सेंटीमीटर. ओल इतकीच की बोटाने पाडलेलं भोक ढासळू नये. खाली पाणी साचलं तर जास्त झालं. ब खणायला लागली की पिंजऱ्याला कापड लावायचं. बघणारा दिसला की खड्डा अर्धवट सोडते.

वाढ झाल्यावर ब-चा बास्किंगचा (ऊब घेण्याचा) दिवा २७ अंशांच्या आसपास आणि खाणं एक दिवसाआड किंवा त्याहून कमी. ऊब आणि भरपेट किडे म्हणजे जास्त अंडी. अ-ला ३० अंश चालतील. मळ्यातले नाकतोडे मात्र दोघांनाही बंद, द्राक्षावर फवारणी किती होते ते इथे सांगायला नको.

क-च्या शेपटीचा फोटो दर कातीनंतर, त्याच काडीवर, बाजूने आणि खालून. अंतर तेच ठेवायचं, नाहीतर फुगीरपणाची तुलना करता येत नाही.