रिमोट आजीकडे द्या

इंदूरच्या मराठी घरात रविवारी रात्रीची जेवणं आटोपली की तीन पिढ्या एका टीव्हीसमोर येतात. आजी दिवाणावर, भिंतीला पाठ टेकून. बाबा त्यांच्या ठरलेल्या खुर्चीत. नातवंडं खाली गादीवर आडवी. आई दारात, अर्धी आत, अर्धी स्वयंपाकघरात, कारण ओटा अजून पुसायचा असतो. सिनेमा छान चाललेला असतो. मग नायक नायिकेच्या जवळ सरकतो, संगीत हळू होतं, आणि घरातली सगळ्यात महत्त्वाची वस्तू कोणती हे पुढच्या तीन सेकंदांत सगळ्यांना कळतं.

रिमोट बहुधा बाबांच्या हातात असतो आणि घोळ तिथूनच सुरू होतो. दूरदर्शनच्या काळी टीव्हीपर्यंत उठून जावं लागायचं. तोवर प्रसंग संपायचा आणि उठलेला माणूस उगाच अँटेनाची वायर हलवून परत येऊन बसायचा. आता दहा सेकंद पुढे नेणारं बटण आलंय. बाबा ते चार-पाच वेळा दाबतात, म्हणजे फार तर पन्नास सेकंद. प्रसंग दीड-दोन मिनिटांचा असला तर उडी बरोबर त्याच्या मध्यावर पडते. घाबरून बटण धरून ठेवलं तर हल्लीचे टीव्ही खाली चित्रांची पट्टी दाखवतात. जे टाळायचं होतं त्याचेच बारीक बारीक चौकोन ओळीने उभे राहतात, आणि सगळे माना पुढे काढून ते बघतात. आवाज बंद करणं त्याहून वाईट. आवाज गेला की पंख्याची घरघर ऐकू येते, कुणीतरी खाकरतं, आणि खाली इंग्रजी अक्षरं चालूच असतात. बोलण्यात ‘टुंग’ करून गाळलेला शब्द तिथे ठसठशीत छापलेला असतो.

उपाय सोपा आहे. रिमोट आजीकडे द्यावा.

हे गंमत म्हणून वाटेल, पण आपले सिनेमे बरीच वर्षं हेच सांगताहेत. २०१२च्या ‘विकी डोनर’मध्ये संध्याकाळी सुनेबरोबर ग्लास घेऊन बसणारी सासू घरातल्या सगळ्यांपेक्षा मोकळी आहे. २०१८च्या ‘बधाई हो’त तर सगळा डावच आजीवर आहे. रेल्वेत तिकीट तपासनीस असलेल्या माणसाची बायको उतारवयात गरोदर राहते. थोरला मुलगा लग्नाच्या वयाचा, धाकटा शाळेत. आजी आधी घर डोक्यावर घेते, लेकाला-सुनेला नको नको ते ऐकवते. मात्र मेरठच्या लग्नघरात नातेवाईक सुनेला टोमणे मारायला लागतात तेव्हा त्यांच्यावर उलटते तीच. सुरेखा सिक्री यांना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण त्या सिनेमात लाज नेमकी कुणाला वाटते ते नीट बघा. आजी चिडते, ओरडते, पण लाजत नाही. तोंड लपवून फिरतो तो पंचविशीतला, स्वतःची मैत्रीण असलेला मुलगा. आपल्यालाही आईवडिलांनीच जन्म दिला हे त्याला माहीत असतं. फक्त ते कसं, हे त्याला आठवायचं नसतं.

आजीला हे जमतं याचं कारण तिच्या जिभेवर शब्द आहेत. दिवस गेले, डोहाळे लागले, पाळी चुकली, न्हाण आलं, अंगावरचं दूध, पाय जड झाले. तिच्या आई-आजीच्या काळी न्हाण आलेल्या मुलीला मखरात बसवून गाणी म्हणायचे, फलशोभनाचा, म्हणजे नवराबायकोच्या पहिल्या रात्रीचा, मुहूर्त पंचांगात बघून काढायचे; म्हणजे कधी काय होणार ते अख्ख्या वाड्याला ठाऊक. त्याचं फार कौतुकही नको. मखरातल्या त्या पोरीला कुणी काही विचारत नसे. मुलीचं संमतिवय दहावरून बारावर नेणारा कायदा १८९१ साली आला तेव्हा त्याला विरोध करायला मोठमोठी माणसं उभी राहिली होती. तो मोकळेपणा वंशाबद्दल होता, मुलीच्या मनाबद्दल नव्हता. तरीही शब्द होते, आणि ते आजीपर्यंत पोचले.

आई-बाबांपर्यंत मात्र फार थोडे पोचले. ही पिढी भिंतीवरचा कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण बघत वाढली. पंधरा पैशांत तीन मिळणारा सरकारी कंडोम ‘निरोध’ १९६८ साली आला; त्याची जाहिरात लागली की बदलायला दुसरा चॅनलही नव्हता, म्हणून सगळे छताकडे बघायचे. शाळेत प्रजननाचा धडा ‘घरी वाचून या’वर संपायचा. हीच मुलं आई-बाप झाली त्या सुमाराला, २००७ साली, मध्य प्रदेशासह अनेक राज्यांनी शाळांतला किशोरावस्था शिक्षणाचा कार्यक्रम बंद केला. मराठीत र. धों. कर्वे १९२७पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात या गोष्टी सरळ शब्दांत छापत होते आणि त्यापायी कोर्टाच्या पायऱ्या चढत होते. ते अंक घराघरांत गादीखाली राहिले. चहाच्या टेबलावर कधी आले नाहीत.

इंदुरात याला आणखी एक पदर आहे. इथल्या मराठी मुलाला शरीराचे शब्द तीन दुकानांतून मिळतात. विज्ञानाच्या पुस्तकातले इंग्रजी किंवा संस्कृत वळणाच्या हिंदीतले, गल्लीतले सगळे हिंदी शिव्यांतले, आणि घरातले मराठी. त्यातही निम्मे ‘ते’, ‘तसलं’ आणि ‘अडचण’. म्हणून रवी जाधव यांचा ‘बालक-पालक’ (२०१३) इथल्या घरात लावला की मजा येते. मुंबईच्या चाळीतली ताई अचानक निघून जाते, मोठी माणसं म्हणतात तिने शेण खाल्लं, आणि चाळीतली पोरं या शेणाचा अर्थ शोधत निघतात. गादीवरून नातू विचारतो, “आजी, मतलब? गोबर खाया?” इथे हसायचं, पण उत्तरही द्यायचं. “लग्नाआधी कुणाशी तरी जवळीक झाली की लोक असं म्हणतात. वाईट बोलणं आहे ते, आपण म्हणू नये.” एवढं पुरतं. याहून लांब उत्तर दिलं की मूल पुन्हा विचारत नाही. आणि त्या सिनेमातल्या पोरांशी शेवटी नीट बोलतो तो शेजारचा काका, हे आई-बाबांनी मनाला लावून घ्यायलाही हरकत नाही.

‘ओह माय गॉड २’चं (२०२३) चित्रीकरण झालं आपल्यापासून पंचावन्न किलोमीटरवर, महाकाळाच्या उज्जैनात. शाळकरी मुलाचा एक खाजगी क्षण कुणीतरी मोबाईलवर टिपतो, तो गावभर फिरतो, शाळा मुलाला काढून टाकते, आणि बाप कोर्टात जातो. शाळा, औषधवाला, भोंदू वैद्य अशा सगळ्यांना तो प्रतिवादी करतो, आणि त्या यादीत स्वतःचंही नाव घालतो. मुलाशी वेळेवर बोललो नाही, म्हणून. हिंदी सिनेमातला बाप इतकं क्वचित कबूल करतो. सेन्सॉरने मात्र त्याला ‘ए’ दिला. जो सिनेमा मुलांना वेळेवर सांगा म्हणतो, तो अठराच्या आतल्या मुलांनी टॉकीजमध्ये बघायचा नाही. त्याच वर्षी कायदा बदलून ‘यूए’चे, म्हणजे पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघायच्या सिनेमांचे, ७, १३ आणि १६ असे तीन टप्पे ठरले, पण ते प्रत्यक्षात लागू व्हायच्या आधीच हा सिनेमा येऊन गेला होता.

घरच्या टीव्हीवर तो निर्णय पालकांकडे येतो. १३+ पासून पुढच्या गोष्टींना कुलूप लावायची सोय ओटीटीवाल्यांनी द्यायची, असा नियम २०२१पासून आहे. चार आकड्यांचं कुलूप. तो आकडा लग्नाची तारीख किंवा स्कूटरचा नंबर ठेवू नये. नातवाला दोन्ही पाठ असतात.

बाकी तयारी स्वयंपाकासारखी, आदल्या दिवशी करायची. सिनेमा एकाने आधी एकट्याने बघून ठेवावा. ‘बधाई हो’ दोन तास चार मिनिटांचा आहे, ‘ओह माय गॉड २’ अडीच तासांहून थोडा मोठा. यातला दुसरा सिनेमा रविवारी रात्री लावू नये, अर्ध्यावर आजीचा डोळा लागतो आणि महत्त्वाचं सगळं कोर्टात, शेवटी आहे. आजीला आधी दोन वाक्यांत सांगावं, “यात असं असं आहे.” परवानगी मागू नये. मागितली की ती नाही म्हणते, कारण परवानगीचा प्रश्न आला की तिलाही सासू व्हावं लागतं.

ट्यूबलाइट बंद करून कोपऱ्यातला दिवा ठेवावा. हातांना काम असावं. थंडीत मटार उत्तम: दोन किलो शेंगा, मध्ये परात, चौघांचे हात. नजर शेंगेवर राहते, त्यामुळे कुणाला कुणाकडे बघावं लागत नाही, आणि मधेच बोलायचं असेल तर शेंग फोडण्याच्या आवाजाआड बोलता येतं. पावसाळ्यात भुट्ट्याचा कीस करायचा मोह होतो, तो आवरावा. अंधारात किसणीवर बोटं सोलली जातात, आणि किसाला दूध घालून ढवळत राहायला कुणाला तरी गॅसपाशी उभं राहावं लागतं. ती नेहमी आईच असते.

प्रसंग आला की काही करायचं नाही. पाणी आणायला उठायचं नाही, मोबाईल उघडायचा नाही, “चला, झोपा आता” म्हणायचं नाही. सिनेमा संपल्यावर “तुला काही विचारायचंय का?” हेही नको, त्याचं उत्तर सगळ्या घरांत “नाही” असंच येतं. दुसऱ्या दिवशी कपडे वाळत घालताना किंवा छप्पन दुकानला पोहे खायला जाताना गाडीत, शेजारी शेजारी बसून, त्यातल्या माणसांबद्दल बोलावं. “तो मोठा भाऊ काय वेड्यासारखा वागला, नाही?” एवढंच. पुढचं मूल बोलतं, त्या दिवशी नाहीतर आठवड्याने.

एका बाबतीत मात्र सिनेमाची वाट बघू नये. पाळीबद्दल मुलीला नवव्या-दहाव्या वर्षीच सांगून ठेवावं, कारण पुष्कळ मुलींना ती अकरा-बाराव्या वर्षी येते, आणि मग पहिली बातमी शाळेच्या संडासात कळते. मुलांना तर कुणी काही सांगतच नाही. त्यांच्यासाठी भाषेने ठेवलेला शब्द आहे ‘स्वप्नदोष’, ज्यात दोष आधीच बसवलेला. रेल्वेलाइनच्या भिंतींवर ‘गुप्त रोग’ रंगवणाऱ्यांचा धंदा याच एका अक्षरजोडीवर चालतो. “झोपेत वीर्य बाहेर येतं, वयात आल्यावर असं होऊ शकतं, आजार नाही, चड्डी धुवायला टाक.” हे वाक्य बाबांनी एकदा बाथरूमच्या आरशासमोर म्हणून बघावं. तिसऱ्या वेळेला जमतं.

आणि आजी? आजीला रिमोटवरची बटणं नीट दिसत नाहीत. प्रसंग सुरू होतो, बाबा खुर्चीत चुळबुळतात, “आई, पुढे कर ना जरा” म्हणतात. ती चष्मा कपाळावर सरकवते, रिमोट डोळ्यांजवळ नेते आणि नेमकं मागचं बटण दाबते. दहा सेकंद मागे. नायक पुन्हा नायिकेच्या जवळ सरकतो.

“अगं बाई, हे झालं ना आत्ताच?” आजी म्हणते, रिमोट मांडीवर ठेवते आणि परातीतली शेंग उचलते. गादीवर आधी एक फिस्कन हसतं, मग दुसरं. दारातली आई आत येऊन बसते. ओटा सकाळी पुसता येतो.