मा उदकैः

आठवीचा वर्ग, श्रावणातली दुपार. छपराच्या पत्र्यांवर पाऊस असा कोसळत होता की मागच्या बाकांपर्यंत आवाज पोचेना. संस्कृतच्या बाईंनी बोलणं थांबवलं आणि फळ्यावर एकच शब्द लिहिला : मोदकैः. खाली लिहिलं, विग्रह करा. आम्ही सगळ्यांनी वहीत मोदक लिहिले. बाईंनी तो शब्द पुसला आणि त्या जागी लिहिलं : मा उदकैः. मग पावसाचा जोर ओसरल्यावर त्यांनी गोष्ट सांगितली. माझं पुढचं आयुष्य त्या गोष्टीवर उभं आहे.

सातवाहन राजा राण्यांबरोबर पाण्यात खेळत होता. एक राणी दमून म्हणाली, मोदकैः मारा. राजाने खरोखरचे मोदक मागवले. राणी हसली. ‘पाण्याने मारू नका’ असं ती म्हणाली होती. मा आणि उदकैः यांचा एवढा साधा संधी राजाला सुटला नव्हता. तो लाजेने अन्नपाणी सोडून बसला. त्याच्या दरबारातला गुणाढ्य म्हणाला, व्याकरणाला बारा वर्षं लागतात, मी सहा वर्षांत शिकवतो. शर्ववर्मा म्हणाला, सहा महिन्यांत. गुणाढ्याने पैज लावली : तसं झालं तर संस्कृत, प्राकृत आणि देशी, तिन्ही भाषा मी सोडेन. तो हरला. मुका होऊन विंध्याच्या रानात गेला. तिथे पिशाचांची पैशाची भाषा शिकला आणि सात वर्षांत सात लक्ष श्लोकांची कथा लिहिली. रानात शाई नव्हती, म्हणून स्वतःच्या रक्ताने.

शिष्यांनी ती राजाकडे नेली. पिशाचांची भाषा, रक्ताची अक्षरं! राजाने ती झिडकारली. गुणाढ्याने टेकडीवर अग्नी पेटवला. एकेक पान मोठ्याने वाचायचं आणि आगीत टाकायचं. रानातली हरणं, डुकरं, रेडे चरणं सोडून भोवती येऊन बसले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. राजाच्या ताटातलं मांस सुकं पडायला लागलं, तेव्हा शिकाऱ्यांकडून त्याला कारण कळलं आणि तो धावत आला. तोवर सहा लक्ष श्लोक जळून गेले होते. शिष्यांना आवडत होता म्हणून मागे ठेवलेला एक लक्षाचा भाग तेवढा उरला.

“हे कुठं झालं, बाई?” कुणीतरी विचारलं.

“राजा इथलाच की. प्रतिष्ठानचा. आपल्या पैठणचा.”

त्या दिवशी मी घरी गोदेच्या काठाने गेले, लांबच्या वाटेने.

तोवर मी अद्भुतकथांची वेडी झालेच होते. वाचनालयाच्या काचेच्या कपाटात ‘चांदोबा’चे बांधीव अंक होते. शनिवारी एक मिळायचा, सोमवारी परत. शंकर यांनी काढलेलं विक्रम-वेताळाचं ते चित्र, हातात तलवार, खांद्यावर प्रेत आणि राजाची ती न डळमळणारी चाल, मी कितीतरी वेळ बघत बसायची. तो राजा उज्जैनचा अशीच माझी समजूत होती. पुढे, नोकरी लागल्यावर, पहिल्या पगारातून ‘कथासरित्सागर’चा मराठी अनुवाद आणला. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने सूर्यवती राणीसाठी गुणाढ्याच्या त्याच कथेचं, बृहत्कथेचं, सार संस्कृतात लिहिलं, ते हे पुस्तक. वेताळाच्या पंचवीस गोष्टी त्यात बाराव्या लंबकात, म्हणजे बाराव्या भागात येतात. तिथे पहिल्याच ओळींत लिहिलं होतं : गोदावरीच्या तीरावर प्रतिष्ठान नावाचं नगर आहे, तिथला राजा त्रिविक्रमसेन. मी पुस्तक मिटून बसून राहिले. म्हणजे वेताळाला खांद्यावर घेऊन निघालेला राजा आमच्या गावचा होता!

लिहायला मात्र फार उशीर केला. बँकेची नोकरी, बदल्या, नांदेड, लातूर, सोलापूर, मुलांची शाळा. कपाटात वह्या साठत होत्या आणि एकही गोष्ट पुरी होत नव्हती. एकदा धीर करून काही प्रकरणं एका प्रकाशकांकडे पाठवली. मोठी माणसं असलं वाचत नाहीत, सामाजिक काही असेल तर पाठवा, असं उत्तर आलं. दोन वर्षं लेखणी हातात धरली नाही. मला ते म्हणणं तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. ज्या मातीत सात लक्ष श्लोकांची अद्भुतकथा जन्मली, तिथे ती फक्त मुलांची कशी ठरते?

२०१४ साली वडील गेले. दिवसकार्य आटोपल्यावर आई माझ्याकडे राहायला आली आणि रात्री तिच्या माहेरच्या गावाबद्दल बोलू लागली. ते गाव जायकवाडीच्या पाण्याखाली आहे. १९७६ साली धरण पुरं झालं तेव्हा मी तीन वर्षांची होते. मला ते गाव आठवत नाही. आईला सगळं आठवतं : वेशीवरचा मारुती, बारव, कुणाच्या दारात कोणतं झाड. आजोबांनी घराची दारं-चौकटी काढून बैलगाडीतून नवीन गावठाणात नेल्या. आजी मात्र उंबऱ्यावर बसून राहिली होती, पाणी इथवर येणार नाही म्हणत. हे ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे फळा आला आणि त्यावरचे दोन शब्द. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला उठून मी पहिलं पान लिहिलं.

तेव्हापासून पहाटेचे दोन तास माझे. माझ्या कादंबरीत पाण्याखाली गाव अजून नांदतं आहे. आठवड्याचा बाजार भरतो, आणि ज्यांना पैशाची भाषा येते तेवढेच काठावरून खाली उतरू शकतात. चारशे पानं झाली आहेत, दोनदा पहिल्यापासून लिहून.

रोजचं पान संध्याकाळी आईला वाचून दाखवते. वाती वळता वळता ती ऐकते. वेताळाबद्दल तिची काही हरकत नसते. पण परवा वाचताना तिने मला थांबवलं. “बारव मारुतीच्या डाव्या अंगाला होती ग. पाणी भरायला गेलं की देवळाची सावली पायऱ्यांवर पडायची.”

ते प्रकरण मी आता पुन्हा लिहिते आहे.

— माजी विद्यार्थिनी, दहावी, मार्च १९८९