आठ अंगं आणि एक खांदा

रथसप्तमीला एकशे आठ सूर्यनमस्कार घालायचे असं आमच्या सकाळच्या ग्रुपमध्ये ठरलं, तेव्हा सगळ्यात आधी हात वर केला तो मी. सूर्यनमस्कार म्हणजे आमच्या घरचंच खातं. आजोबा आटपाडीचे, म्हणजे औंध संस्थानातले. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांना या व्यायामाचं इतकं वेड, की संस्थानातल्या शाळांत पोरांना नमस्कार घालावेच लागत. १९२८ साली राजेसाहेबांनी त्यावर पुस्तकही काढलं. आजोबा राजाच्या धाकानं घालायचे, मी आजोबांच्या पुण्याईवर.

सत्त्याण्णवाव्या नमस्काराला उजव्या खांद्यात कळ आली. उरलेले अकरा मी तरीही रेटले. आकडा सोडवतो का कुणाला!

मग महिनाभर वेणी घालता येईना. वरच्या फळीवरचा रव्याचा डबा काढायला गेलं की हात मध्येच अडकायचा. तेवढा टप्पा कण्हत ओलांडला की वर पुन्हा मोकळा. सासूबाईंचे आंबेहळदीचे लेप झाले. डॉक्टरांनी सूज आहे म्हणून सांगितलं आणि फिजिओथेरपीला धाडलं.

ती फिजिओ माझ्या लेकीच्या वयाची. ग्रुपमधल्या मैत्रिणीनं रथसप्तमीला काढलेला व्हिडिओ मी तिला मोठ्या कौतुकानं दाखवला. तिनं तो मध्येच थांबवला.

"काकू, साष्टांगातली आठ अंगं कुठली?"

हे मला पाठ. "दोन पावलं, दोन गुडघे, दोन तळहात, छाती आणि कपाळ."

"आणि पोट?"

पोट त्यात नाही. व्हिडिओत मात्र आधी पोटच टेकलं होतं, बदकन. कोपरं कोंबडीच्या पंखांसारखी बाहेर, खांदे कानांना भेटायला निघालेले. इतकी वर्षं मी नमस्कार घालत नव्हते, पडत होते.

तिनं खांदा समजावला तो असा: दंडाच्या हाडाचा गोल मोठा, आणि तो जिथं बसतो ती खवाट्याची खळगी अगदी उथळ. म्हणजे शाळेतली लिंबू-चमच्याची शर्यतच. लिंबू चमच्यात धरून ठेवायचं काम चार छोट्या स्नायूंचं. ते दमले तरी आपण धावतच राहिलो की वरच्या हाडाखाली त्यांचे बंध घासतात, सुजतात. (शाळेत माझं लिंबू कधीच शेवटपर्यंत पोचलं नाही, हे तिला सांगितलं नाही.)

मग माझी रवानगी बालवर्गात. रबरी पट्टा दाराच्या कडीला बांधायचा, कोपर बरगडीला चिकटवायचं आणि हात बाहेर ओढायचा. कोपर सुटू नये म्हणून मध्ये टॉवेलची गुंडाळी. जमिनीवर जायला बंदी. आधी भिंतीला हात टेकून छाती पुढं न्यायची आणि परत. कोपरं मागं, खवाटे खाली. तीन आठवड्यांनी बढती मिळून मी भिंतीवरून स्वयंपाकाच्या ओट्यापाशी आले. कुकरच्या दोन शिट्यांमध्ये आठ व्हायचे. सावकाश खाली जाणं वर येण्यापेक्षा कितीतरी अवघड, हे मला पन्नाशीत ओट्यापाशी कळलं. दिवाणाच्या कडेपर्यंत पोचायला पावसाळा उजाडला. दिवाळीनंतर जमीन.

यंदाच्या रथसप्तमीला ग्रुपवर आकडे पडू लागले. चोपन्न, बहात्तर, एकशे आठ.

"तुझे?"

"चार."

"चार आवर्तनं?"

"नाही, चार."

पलीकडून अंगठा आला. तो कौतुकाचा की दयेचा, ते त्या पिवळ्या अंगठ्यावरून कळत नाही.

मग शिऱ्यासाठी रव्याचा डबा काढला. सवयीनं डाव्या हातानं. ओट्यावर ठेवला, झाकणाला हात घातला आणि थांबले. डबा परत वर ठेवला आणि उजव्या हातानं खाली काढला.